आक्काचं सरळ 'नाय'

आक्काला कुणी काही काम गळ्यात घालायला आलं, की ती आधी सगळं नीट ऐकून घ्यायची, मग 'नाय जमायचं' म्हणायची आणि वर त्याच माणसाला चहा विचारायची. कारण सांगायची नाही. आमच्या मुलींच्या वसतिगृहात नकार द्यायचा तर कुणाचं डोकं दुखायचं, कुणाचे मामा वारायचे. काहींचे मामा तर दर सत्राला वारायचे. त्यामुळं आक्काचं हे कोरडं 'नाय' ऐकून नवी माणसं बिचकायची.

ती बिडकीनकडची, घरी मेंढरं असलेली. एम.ए. करत होती आणि माझ्याच खोलीत राहायची. मी करमाडची, बी.एस्सी.ला. हो म्हणण्यात माझा हात धरणारं कॉलेजात कुणी नव्हतं. युवक महोत्सवाच्या नाटकात मुख्य भूमिका माझी, भित्तिपत्रक माझं, वक्तृत्व, श्रमदान शिबिर, वर मेसची देखरेखही मीच घेतलेली. लोक कौतुक करायचे आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढायची. पहिल्या सत्रात गणितात आपटले, तेव्हा खाली आले. वडिलांचा निरोप आला, वर्ष गेलं तर शिक्षण बंद, पाहुण्यांना होकार देऊन टाकतो.

मी पांघरूण घेऊन पडले. आक्कानं ते ओढून काढलं. "ऊठ. काय काय घेतलंस अंगावर, सांग." मी सांगत गेले. "लई झालं," ती म्हणाली. "आमच्यात उन्हाळा लागायच्या आत कळप कमी करतेत. चारा हाय तेवढाच. समदी मेंढरं ठेवीन म्हणलं तर समदीच वाळतेत."

मी लगेच वक्तृत्व आणि भित्तिपत्रक सोडायला तयार झाले. ती हसली. "मरतुकडी काढून काय व्हतंय? सगळ्यात जास्त खातंय कोण, ते बघ."

नाटक! रोज संध्याकाळ तालमीत जायची. पण नाटकात माझा जीव होता. मी तिच्यावर चिडले, बोलणं टाकलं. तिनं मनावर घेतलं नाही. मेसमधून माझं ताट आणून झाकून ठेवायची तेवढं.

शेवटी मन तयार झालं, पण नाटक बसवणाऱ्या सरांसमोर जायचा धीर होईना. पायाला पट्टी गुंडाळली आणि पाय मुरगळल्याचा निरोप मैत्रिणीजवळ द्यायचं ठरवलं. आक्का खाली बसली, पट्टी सोडली, तिची घडी घातली. "सरांनी तोंडानं इचारलं व्हतं ना? मग तोंडानंच सांगायचं. आन एकटीनं जाऊ नको. तुझं काम सांभाळणारं माणूस संगं ने." आक्काच्या घरी मेंढरू दुसऱ्याला द्यायची रीत तशीच. त्याच्या घरी आपण स्वतः नेऊन सोडायचं, खोडी सांगायच्या, पहिल्यांदा चारा आपल्या हातानं घालायचा आणि मगच परतायचं.

खालच्या वर्गातल्या शांताला घेऊन मी सरांकडं गेले. ते खूप बोलले. मी ऐकून घेतलं. मग शांताकडून संवाद पाठ करून घेतले, कुठं थांबायचं, कुठं वळायचं ते दाखवलं आणि अभ्यासाला बसले.

नाटकाला आक्काच मला घेऊन गेली. शांतानं बाजी मारली. टाळ्या वाजायला लागल्या आणि मला रडू आवरेना. वाटलं, आता ही 'बघ, झालं की नाय चांगलं' म्हणणार. तिनं पदर पुढं केला. "रड की. नको व्हतं म्हणून थोडंच सोडलंस?" त्या क्षणी ती मला सख्ख्या बहिणीहून जवळची वाटली.

मी पास झाले. वडिलांनी पाहुण्यांना नकार कळवला आणि पुढं एम.एस्सी.लाही धाडलं. आक्का त्याच उन्हाळ्यात लांबच्या एका शाळेवर रुजू झाली. बसस्टँडवर मी तिचा हात धरला. "दर दिवाळीला येशील, कबूल कर."

"नाय," ती म्हणाली आणि गाडीत चढली. मला फार लागलं ते.

दिवाळ्या आल्या नि गेल्या, आक्का आली नाही. मग एका पहाटे वडील गेले. करमाडला आमच्या दारात माणसं जमायला लागली होती. रात्रभराचा प्रवास करून आल्यासारखी ती थेट आत आली, माझ्याजवळ बसली आणि तेरावा होईपर्यंत हलली नाही.

वडील अत्यवस्थ असल्याचं तिला कुणी कळवलं, ते मी अजून विचारलेलं नाही.