ओल्या जागेचा गम

पुस्तकांची फळी जोडायला गम हवा होता, म्हणून हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानाच्या मालकीणबाईंनी पांढऱ्या गमचा डबा पुढे ठेवत विचारलं, "पाणी लागणार नाही ना?"

"फळीला नाही. पण गेल्या आठवड्यात याच गमने आईला न्हाणीघरात बसायला स्टूल केलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं."

त्या म्हणाल्या, "पाण्याने सांधा सुटतो हो. ओल्या जागेला दोन ट्यूब मिसळून लावायचा गम लागतो."

त्या ट्यूब घेऊन निघालो. आईची आंघोळीची वेळ तीच होती. फोन केला, तिने उचलला नाही. सिग्नलला उभा असताना स्टुलाचे पाय एकेक करून निखळताना दिसत होते. मायेने केलेली वस्तू आपण नीट तपासतच नाही. माया होती, एवढ्यावरच खूश असतो. सिग्नल काही केल्या सुटेना.

घरी पोचलो तर आई केस पुसत होती.

"आई, त्या स्टुलावर बसू नकोस."

"कुठे बसते? दुसऱ्याच दिवशी डुगडुगायला लागलं. तेव्हापासून उभ्यानेच करते आंघोळ, नळाला धरून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"इतक्या हौसेने केलं होतंस."

आठ दिवस मी रोज विचारत होतो, बसायला बरं पडतं ना? आणि ती रोज म्हणत होती, छान पडतं.