मातामायच्या बोकडाला सुई

बकऱ्यांची सुई आमच्या गावात पहिल्यांदा आली तेव्हा निम्म्या बाया आपापल्या बकऱ्या घेऊन शेताकडे निघून गेल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही. पोरांना टोचायला नर्सबाई आली की आमच्याकडे घरांना कुलपं लागायची, तिथे बकरीचं काय.

तिरोड्याला वीज कारखान्याचं बांधकाम चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. जनावरांच्या कॉलेजातून एक डॉक्टरबाई आमच्याकडे संशोधनाला यायच्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या. आधी त्या नुसत्या लेंड्या गोळा करायच्या, चिमट्याने गोचिडं उपटून बाटलीत भरायच्या. गाव हसायचं. एवढं शिकून लेंड्याच वेचायच्या होत्या तर घरी काय कमी होत्या, असं लोक म्हणायचे.

मी हसले नाही, कारण मला त्यांच्याकडून काम करून घ्यायचं होतं. माझ्या बकऱ्या तलावाच्या काठाला चरायच्या आणि पावसाळा सरला की एकेकीच्या जबड्याखाली पाण्याची थैली लोंबायची. मग ती वाळत जायची आणि मरायची. डॉक्टरबाईंनी एका मेलेल्या बकरीची कलेजी माझ्यासमोर चिरली. आत पानासारखे चपटे किडे वळवळत होते. हे किडे तलावातल्या गोगलगायीतून निघून काठच्या ओल्या गवताला चिकटतात, असं त्यांनी सांगितलं. औषध दिलं, आणि काठावर चारायचं बंद करायला लावलं. मी बंद केलं. पुढच्या साली माझ्या एकाही बकरीला थैली आली नाही. त्यानंतर त्यांनी काही सांगितलं की मी दोनदा विचारत नसे.

मग त्यांनी सुईचं काढलं. बकऱ्यांत एक साथ येते, तिच्यावरची सुई. नाक गळतं, तोंड फोडांनी भरतं, हगवण लागते आणि बकऱ्या बांधायचा कोठाच्या कोठा रिकामा होतो. डॉक्टरबाईंना एक अख्खं गाव हवं होतं. सुईच्या आधी रक्त घ्यायचं, नंतर पुन्हा घ्यायचं आणि सुईने अंगात किती बळ आलं ते बघायचं. कोणतं रक्त कोणाचं हे कळावं म्हणून प्रत्येक बकरीच्या कानाला भोक पाडून पिवळा बिल्ला लावायचा. लहान करडांना मात्र ही सुई चालत नाही, ती जरा मोठी व्हावी लागतात. तोवर त्यांच्याजवळ आजारी जनावर येऊ द्यायचं नाही, एवढाच उपाय.

मी घरोघरी गेले. गोड बोलणं मला येत नाही. साथ आली तर माझ्या अंगणात रडायला येऊ नका, एवढं सांगून पुढच्या घरी जायची. एकेक करून बाया तयार झाल्या. अडलं ते माझ्या भासऱ्याच्या बोकडापाशी.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याने गावदेवी मातामायच्या नावाने बोकड सोडला होता. पोराला वीज कारखान्यात काम लागलं की बोकड देईन, असा त्याचा नवस. सोडलेला बोकड कोणाचा नसतो, सगळ्या गावाचा असतो. तो कोणाच्याही कोठ्यात निजतो, कोणाच्याही टोपल्यातला कोंडा खातो, त्याला कोणी काठी लावत नाही. पण मातामायला तो धड लागतो. कान फाटला, शिंग मोडलं, तर नवस बुडाला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, तोच राहिला तर बाकीच्यांना टोचून अर्धंच काम होईल. तो रोज दहा कोठे फिरतो. कुठून साथ घेऊन आला तर थेट करडांतच नेऊन सोडेल.

आम्ही दोघी भासऱ्याच्या दारी गेलो. आता आमच्यात भासऱ्याशी बोलत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्याच्याशी समोरासमोर एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं असलं तर जावेच्या मार्फत. त्या दिवशीही तो जावेकडे बघूनच म्हणाला, "तिले सांग, देवाच्या जनावराले मी भोक पाडू देत नाही. पोराच्या कामाचा सवाल आहे."

नवऱ्याची बाजू घ्यावी की करडांची, जावेला कळेना. तिच्या कोठ्यातल्या बकऱ्याही गाभण होत्या. बोकड दाराशीच कोंडा खात उभा होता. मी त्याच्यापाशी बसले, त्याचा कान उलटा केला. आत गोचिडं ओळीने चिकटली होती.

"काऊन रे," मी बोकडाला म्हटलं, "ह्या गोचिडाईनं तुह्या कानाले एवढे भोक पाडले, त मातामायले इचारून पाडले का?"

जावेने तोंडाला पदर लावला. भासराही बोकडाकडेच बघून म्हणाला, "तिले सांग रे, गोचीड देवानंच बनवली."

"मंग ह्या डॉक्टरीनबाईले कोनं बनवलं?"

डॉक्टरबाई दुसरीकडे बघू लागल्या. त्यांना हसू येत होतं. शेवटी भासरा म्हणाला की सुई द्या, सुईची खूण राहत नाही, पण कानाला हात लावायचा नाही. डॉक्टरबाई बिल्ल्याशिवाय तयार होईनात. मी म्हटलं, बिल्ला कानातच कायले पाहिजे, त्याच्या गळ्यातल्या वाजत्या घाटीच्या दोरीत बांधा. दोरी तुटली तर, असं त्यांनी विचारलं. तुटली तर मी बांधीन. मग त्यांनी बोकडाचा रंग, शिंगांचा वळसा, सगळं नीट उतरवून घेतलं. भासऱ्याने स्वतः बोकडाचे पाय धरले, तोंड मात्र फिरवून घेतलं.

धान कापून चुरून झालं, थंडी पडली, करडं झाली. त्याच दिवसांत नाल्यापलीकडच्या गावात साथ लागली. तिथे कोणी सुई घेतली नव्हती. आणि आमचा बोकड माजावरच्या बकऱ्यांमागे नेमका तिकडेच गेलेला. तो परत आला तेव्हा गावाने त्याला वेशीजवळ, गुरं जमतात त्या आखरावरच अडवलं. देवाचा म्हणून मारायचा नाही, आणि आत कोणी घेईना. बाया माझ्याकडे आल्या. तू म्हटलं होतं म्हणून आम्ही कान टोचू दिले, आता हे मरण तूच सांभाळ, असं एकीने तोंडावर सांगितलं.

मी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, त्याला काही होणार नाही, पण थोडे दिवस करडांपासून दूर ठेवा. मी त्याला माझ्या सांदवाडीत, घराच्या मागच्या कोपऱ्यात बांधला. त्याचा पाला, पाणी मीच नेत होते, आणि हातपाय धुतल्याशिवाय कोठ्यात जात नव्हते. त्याचं नाक गळलं असतं तर आमच्या गावात पुन्हा कोणी सुई घेतली नसती, हे मला कळत होतं. करडं गेली असती ती वेगळीच.

भासरा रोज सकाळी कुडापलीकडे येऊन उभा राहायचा. बोकडाचं नाक बघायचा आणि जायचा. नाल्यापलीकडून मेलेल्या बकऱ्या ओढून नेतानाचा वास येत होता. एक दिवस त्याने कुडावरून हात घालून बोकडाच्या नाकपुडीत बोट फिरवलं, ते बोट स्वतःच्या धोतराला पुसलं आणि जावेला हाक मारून म्हणाला, "कोरडं आहे. सोडाले सांग."

मी डॉक्टरबाई येईपर्यंत सोडला नाही. त्यांनी रक्त नेलं आणि नंतर सांगितलं की बोकडाच्या अंगात सुईचं बळ चांगलं आलेलं आहे. मग सोडला. त्या साली आमच्या गावात साथीने एक करडू मेलं नाही. नाल्यापलीकडे कोठे रिकामे झाले.

भासऱ्याच्या पोराला कारखान्यात ठेकेदाराकडे काम लागलं. बोकड मातामायला गेला. पुजाऱ्याने दोन्ही कान चाचपले, शिंगं चाचपली, कुठे काही सापडलं नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी डॉक्टरबाई पुन्हा आल्या तेव्हा करडं सुईजोगी झाली होती. मला एका घरीही जावं लागलं नाही. आखरावर सकाळीच बकऱ्यांची गर्दी झाली होती, आणि नाल्यापलीकडच्या बाया उरलेल्या बकऱ्या दोरीने ओढत आमच्याकडे येत होत्या. डॉक्टरबाईंनी विचारलं, यांना कोणी बोलावलं? जाऊ म्हणाली, "कोनी नाही बोलावलं. आमचे करडं पाहून आल्या." मी पहिली बकरी धरली आणि त्यांना म्हटलं, आता बोलत बसू नका, ऊन चढते.