बिबच्या मागची चौकट

डोळा लागतोय न लागतोय तोच खोलीतल्या खुर्चीवर दादा बसलेला दिसतो. दुपारचे तीन वाजलेत. माराकेशच्या हॉटेलातल्या खिडकीतून थंडीतलं ऊन माझ्या पलंगावर आलंय, उद्या सकाळी मला बेचाळीस किलोमीटर पळायचंय, आणि चार महिन्यांपूर्वी गेलेला माझा थोरला भाऊ वाकून बुटाची नाडी बांधतोय. मला आनंद वगैरे काही होत नाही. संताप येतो.

"चल हेमे," तो म्हणतो, "पाय मोकळे करू."

दार उघडलं की थेट रस्ताच आहे. तांबडा तट, कडेला संत्र्यांनी लगडलेली झाडं, पुढे खजुरीचं बन, लांब बर्फाचे डोंगर. रस्ता मात्र तळहातासारखा सपाट. याच्यासाठीच तर याचा सगळा हट्ट. जन्मभर साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढलो, एकदा तरी सपाटीला पळू म्हणत वर्षभर वहिनीचं आणि माझं डोकं खाल्लं. शर्यतीला डॉक्टरचा दाखला लागतो म्हटल्यावर स्वारी शाळासोबती डॉक्टरकडे गेली, चहा प्यायली आणि न तपासताच आम्हा दोघांचे, त्याचा आणि माझा, दाखले घेऊन आली. छातीत कळा येत होत्या तेव्हा याच्या. वहिनीला पत्ता नाही, मला पत्ता नाही.

"घाटात मला म्हणालास, तू हो पुढे," मी म्हणते. "किती दिवस दुखत होतं?"

तो मनगटावरचं घड्याळ बघतो. जिवंतपणीही असंच करायचा. नको तो विषय निघाला की वेग मोजत बसायचा.

मी सोडत नाही. कपाटात तुझ्या कपड्यांखाली पित्ताच्या गोळ्यांची सतरा पाकिटं सापडली म्हणून सांगते. हृदयाच्या कळेवर पित्ताच्या गोळ्या, काय हा शहाणपणा. वहिनीने तुझे बूट धुऊन ओळीने मांडलेत, कुणाला द्यायचे विचारते, काय सांगू तिला? बोलता बोलता खजुरी संपतात, चढ लागतो आणि आम्ही यवतेश्वरच्या त्या वळणावर येतो, जिथे तो पडला. डांबरावर संत्री पडलेली आहेतच.

"तीन महिने," तो शेवटी म्हणतो. "सांगितलं असतं तर तुम्ही पळू दिलं नसतं."

"नसतंच दिलं. जिवंत तरी राहिला असतास, गाढवा."

थोरल्या भावाला जन्मात पहिल्यांदा गाढव म्हटलं. बरं वाटलं.

तो कठड्यावर टेकतो. कठडा आता त्या डॉक्टरच्या दवाखान्यातलं बाकडं झालाय.

"आणि तुझा दाखला?" तो विचारतो. "मी आणलेलाच ना?"

दिवाळीपासून मला दोनदा चक्कर आलीय. एकदा जिन्यात, एकदा पळताना, डोळ्यांपुढे पार अंधार. कुणाला बोलले नाही. बोलले असते तर कुणी इथे येऊ दिलं नसतं. छातीवर लावायचा नंबराचा कागद, बिब म्हणतात त्याला, त्याच्या मागे आजार लिहायची चौकट असते. आज सकाळी ती मी कोरीच सोडली.

"माझं वेगळं आहे," मी म्हणते.

"हो. मीही हेच म्हणायचो." तो हात पुढे करतो. "पेन दे."

जाग येते. ऊन पलंगावरून खाली उतरलंय. टेबलावरचा बिब पालथा पडलाय आणि चौकटीत निळ्या शाईने लिहिलंय, चक्कर येते, दोनदा. वरची रेघ न देता, सुटी सुटी अक्षरं. आमच्या घरात असं एकच माणूस लिहायचा. शाळेत मार खाल्ला त्यापायी, तरी सुधारला नाही.

मला रडू येतं आणि रडण्याहून जास्त राग येतो. स्वतःच्या वेळी हे लिहायला याचे हात मोडले होते का?

तोंड धुते, बूट घालते, बिब घेऊन शर्यतीच्या डॉक्टरांच्या तंबूकडे निघते. तंबू पाचला बंद होतो, पण मी पळत नाही. चालत जाते.