टपालानं येणारे जुने बूट

माझ्या नवऱ्याला सगळं जग मास्तर म्हणतं, म्हणून मीही म्हणते. घराच्या वरच्या खोलीत ते बॅले शिकवतात. त्यांचा एक लाडका शिष्य होता, नुसत्या तंगड्याच तंगड्या, म्हणून आम्ही त्याला टोळ म्हणायचो. हा टोळ दूरच्या शहरात मोठ्या बॅले कंपनीत लागला आणि माझ्या नशिबी त्याचे घामट बूट आले.

त्याचं असं, की मास्तरांचा गोडगोड पत्रांवर काडीचा विश्वास नाही. मजेत आहे, असं कोणीही लिहितं म्हणे. म्हणून टोळानं प्रत्येक पत्रासोबत नाचून झिजलेले कापडी बूट पाठवायचे, असं दोघांचं ठरलं. तळ कुठे झिजलाय ते बघून मास्तर उत्तर लिहायचे, अंगठ्यावर रेलू नकोस, गिरकीत घाई करतोस. लोक पत्रं वाचतात, आमच्याकडे बूट वाचतात! वासानं माझं डोकं उठायचं. शेवटी पत्र घरात आणि बूट गॅलरीत, असा मी दम भरला.

यंदा टोळाला पहिली मोठी भूमिका मिळाली. पोराचा आनंद पत्रात मावत नव्हता. मी शेजारीपाजारी सांगत सुटले. मास्तर मात्र गॅलरीत बूट उलटे धरून बसून राहिले. उजव्याचा तळ पार विरला होता आणि डावा जवळजवळ नव्यासारखा होता. पोरगं डाव्या पायावर भारच टाकत नव्हतं.

मास्तरांनी लगेच लिहिलं, आधी डॉक्टरला पाय दाखव, मग स्टेजवर चढ. मी पत्र टाकू देईना. एवढी जन्माची संधी, नाचू दे की त्याला, पुढचं पुढे बघू, म्हणून खूप भांडले. मास्तर ऐकतात कसले! स्वतः जाऊन पत्र टाकून आले आणि मी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

त्यानंतर टोळाकडून ना पत्र, ना बूट. मग एका सकाळी तो स्वतःच दारात उभा राहिला, काखेत कुबडी, डाव्या पायाला प्लास्टर. हाडाला चीर गेली होती. भूमिका दुसऱ्याला दिली होती. मी पाणी पुढे केलं, ते त्यानं हातातही घेतलं नाही.

"मास्तर, तुम्ही गप्प बसला असतात तर मी नाचलो असतो."

"हो," मास्तर म्हणाले, "एकदा."

टोळ हमसून हमसून रडायला लागला. मास्तरांनी स्टूल पुढे ओढलं आणि त्याचा तो जड पाय दोन्ही हातांनी उचलून अलगद त्यावर ठेवला.