भांडुपला नेलेले बारा बांगडे

कणकवलीला गाडीत चढले तेव्हा माझ्याजवळ दोनच डाग होते, कपड्यांची पिशवी आणि थर्माकोलचा खोका. खोक्यात बर्फावर बारा बांगडे. रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) उभं राहून आईने ते एकेक निवडून घेतले होते. भांडुपला माझी मोठी बहीण शालनताई केमो घेत होती आणि तीन आठवडे पेजेपलीकडे तिच्या घशाखाली काही उतरत नव्हतं. फोनवर ती एकदा म्हणाली, "बांगड्याचा तिखला खाऊचा वाटता" (बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, खावंसं वाटतं). तेवढ्यावर आई कामाला लागली.

ठाण्याला उतरून रिक्षा केली. भांडुपची टेकडी तुम्ही पाहिली नसेल. चढावर घरांवर घरं, आणि पायथ्याशी ताईची सात मजली इमारत. दार तिनेच उघडलं. डोक्याला रुमाल, हातांच्या नुसत्या काड्या. तिने आधी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इलंस?" (आलीस?) एवढंच म्हणाली, पण हसली. सोमवारी तिचा पुढचा केमो होता. त्याआधी अंगात थोडी ताकद यायला हवी, नाहीतर डॉक्टर तो पुढे ढकलणार होते. मी आले होते ती त्यासाठी.

गुरुवार असल्यामुळे त्या दिवशी घरात मासा शिजणार नव्हता. बांगडे फ्रीझरमध्ये गेले. शुक्रवारी सकाळी रस्त्याखालची केबल जळली आणि सगळा परिसर बंद पडला. लिफ्ट बंद, पंप बंद, पंखे बंद. उकाड्याने ताईची मळमळ वाढली. शिजवायचं सोडाच, माशाचं नाव काढलं तरी ती तोंड फिरवायची.

मी बर्फ शोधायला बाजारात गेले. कोळीण पाटीवर ओलं गोणपाट टाकून बसली होती.

"बरफ सकाळीच संपला गं बाय. माझंच मावरं (मासळी) गरम झालंय, तुला कुठून देऊ?"

पाच मजले चढून परत आले. प्रत्येक मजल्यावर फोडणीचा वास. ज्याने त्याने फ्रीज रिकामा करायला घेतला होता. मी मात्र तासातासाला फ्रीझर उघडून बांगडे चाचपत होते. बंद ठेवला असता तर थंडावा जरा तरी टिकला असता, हे मला नंतर कळलं. संध्याकाळपर्यंत खाली पाणी साचलं, आणि उचललेला बांगडा हातात वाकला.

शेजारच्या वाघमारेताई विचारपूस करायला आल्या. मूळच्या परभणीकडच्या, एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात नोकरीला.

"मासे हायेत ना आत? टाकून द्या. इतका वेळ लाइट गेली की आमच्याकडे सगळं फेकतात. घरात पेशंट आहे, ताई."

"आम्ही समुद्राकाठची माणसं," मी म्हणाले. "मासा बिघडला की आम्हाला दारातूनच कळतं."

"कळत असेल ना. पण नुसत्या वासावर नका जाऊ."

त्या गेल्यावर मी ताईजवळ नाक मुरडलं. वांगी-भाकरी खाणाऱ्यांनी आता आम्हाला मासा शिकवायचा. हे वाक्य मी बोलले, आणि ते आज मला खायला उठतं.

शनिवारी दुपारी वीज आली. भावोजींचा मारुतीचा वार, म्हणून तो दिवसही मासळीविना गेला. रविवारी फ्रीझर उघडला तर बांगडे पुन्हा लाकडासारखे कडक. वास नाही, काही नाही. मला हायसं वाटलं. आईकडे फ्रीज नव्हता तेव्हा आम्ही काय मेलो होतो? खळखळून उकळलं की झालं, अशी माझी समजूत. आगळ (कोकमाचा आंबट रस) घातलं, वरून तिरफळं टाकली. तिरफळ म्हणजे जिभेला झिणझिण्या आणणारं आमच्याकडचं मसाल्याचं फळ, त्याच्याशिवाय बांगडा पुरा होत नाही.

ताईला आधी वाढलं. ती जमिनीवर मांडी घालून बसली, कितीतरी दिवसांनी. पहिला तुकडा संपला.

"जीभ चुरचुरता गो."

"तिरफळ जास्त पडला."

"आवशीसारखाच," ती म्हणाली (आवशी म्हणजे आई) आणि दुसरा तुकडाही संपवून ताट पुढे केलं. मी तिसरा वाढायला डाव घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. चेहरा लालभडक झाला होता. लाली मानेवरून छातीवर उतरत होती. ती छाती दाबून श्वास ओढू लागली. भावोजींनी रिक्षा आणली. वाघमारेताई न बोलावता बरोबर बसल्या.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "असा मासा उबेत राहिला की त्यात जे तयार होतं, ते उकळून जात नाही आणि पुन्हा गोठवूनही जात नाही. वास येईलच असंही नाही. जीभ चुरचुरली होती का?"

मी मान डोलावली. ते मी तिरफळावर ढकललं होतं.

ताई वाचली. पण सोमवारचा केमो गेला. पुढची तारीख मिळाली नाही, आधी ताकद येऊ दे म्हणाले. घरी आल्यावर ती पेजेलाही नको म्हणू लागली. वाघमारेताईंनी उरलेले बांगडे फेकले, सोड्याच्या पाण्याने फ्रीज पुसला, आणि मला एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

निघताना ताईने माझं मनगट धरलं. "आवशीक सांगू नको. तिना निवडून दिल्यान." (आईला सांगू नकोस. तिने निवडून दिले होते.)

घरी पोचले तेव्हा आई खळ्यातच (अंगणात) उभी होती. पिशवी खाली ठेवायच्या आत तिने विचारलं, "खाल्ल्यान मा?" (खाल्लं ना तिने?)

"खाल्लं."

"किती?"

"दोन तुकडे. तिसरा मागत होती."

यातलं काहीच खोटं नव्हतं. आईने पदराने डोळे टिपले. मग रिकामा खोका विहिरीवर नेऊन घासला आणि उन्हात पालथा घातला. "पुढल्या खेपेक पंधरा देतंय," म्हणाली.

आईला वाचता येत नाही, म्हणून हे लिहिण्याचं धाडस झालं. ताईची तारीख अजून ठरलेली नाही. रापण लागली की आई रोज किनाऱ्यावर जाऊन येते आणि मला विचारते, भांडुपला कधी निघतेस.