अक्काचं पहिलं मत

रविवारी सकाळी सप्तापुरातल्या आमच्या घरात बसून मी अमेरिकेतल्या मतपत्रिकेवर डोकं फोडत होते...

माझी थोरली बहीण, अक्का, यंदा तिथली नागरिक झाली. तिच्या राज्यात मतपत्रिका टपालाने घरी येते. पहिलंच मत, म्हणून तिनं मला व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे मत कुणाला ते अप्पा सांगायचे आणि सगळं घर तिथंच शिक्का मारायचं. अप्पा गेले, आता विचारायला उरले मी, घरातली एम.ए. झालेली.

उमेदवारांचं पटकन झालं. मग खाली एक लांबलचक परिच्छेद आला. "चिन्ह नाही, माणूस नाही... नुसतं हो की नाही विचारतायत गं," अक्का म्हणाली.

तिथे वीज कंपन्यांवर लक्ष ठेवणारा एक आयोग आहे. दर ठरवणं, तक्रारी ऐकणं त्याच्याकडे. त्या अधिकारांबद्दल, विधिमंडळाबद्दल काहीतरी होतं... पण वाक्य इतके वळसे घेत होतं की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायची.

अक्कासाठी हा नुसता कागद नव्हता. भावोजी घरीच ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. गेल्या उन्हाळ्यात तिची वीज सारखी जायची आणि कंपनी फोनवर संगीत ऐकवत बसायची. शेवटी आयोगातल्या एका बाईंनी तक्रार ऐकून घेतली, तेव्हा कुठे कंपनीचा माणूस दारात आला.

म्हणजे आयोग चांगला. मग 'हो' कर, मी सांगून टाकलं. अगदी अप्पांच्या थाटात. अक्कानं पेन उचललं...

आणि आमची वीज गेली. वायफाय बंद, अक्का गायब.

सवयीनं आधी लाइनमन अण्णाला फोन लावला. "बंदे री अक्कार," तो कानडीत म्हणाला, म्हणजे 'आलोच ताई'. मग मोबाइल डेटा चालू करून परत अक्काला लावला.

ती कागदाकडेच बघत होती. उत्तरापुढचा भरायचा गोल अजून कोराच.

"तू दिसेनाशी झालीस, मग मी एकटीच एकेक शब्द वाचत बसले," ती हळूच म्हणाली. "अगं, 'हो' म्हटलं की आयोगाचे अधिकार काढून विधिमंडळाला देणार. त्या बाईंकडे मग तक्रार कशी करू?"



"तुझ्या एम.ए.ला नमस्कार," म्हणून तिनं 'नाही'चा गोल भरला. मागं भावोजींचं मशीन संथ सुरात चालू होतं.

आयोग बरा की विधिमंडळ, मला अजून सांगता येत नाही. निकाल काय लागेल, देव जाणे. पण रात्री वीज गेली तर धावाधाव जिला करायची आहे, तिनंच उत्तर दिलं...

इथली वीज जाण्याचे उपकार मानायची वेळ येईल, असं कधी वाटलं नव्हतं.