कडुनिंबाच्या पाण्यातली कणीक

नव्या नवरीला सवतीचा मत्सर वाटावा, तसा मला होटगीच्या तळ्याचा वाटायचा. इतकी मी शहाणी! रविवार आला की नवरा गळ घेऊन तिकडंच. गळाला लावायची कणीक मात्र मीच मळून द्यायची. एकदा ती कडुनिंबाच्या पाण्यात मळली. मासा तोंड लावेना, माणूस दुपारीच घरी! मग दर रविवारी तेच.

"माझा हातच गेला की गं," एके दिवशी ते म्हणाले.

"मग बसा घरी. मी हाय की!"

त्यांनी गळ शेजाऱ्याला देऊन टाकला. पुढं चाळीस वर्षं रविवारी माझ्याजवळच बसले, बहुतेक गप्पच. मागच्या महिन्यात गेले, आपला हात गेला होता असं मानूनच. मला एकदाही खरं सांगवलं नाही.